विशेष साहित्य लागत नाही

तोक्योत राहून माच्चाचं आइस्क्रीम घरी करणं म्हणजे सोलापुरात राहून चादर घरी विणायला बसण्यासारखं आहे. आमच्या इमारतीतून खाली उतरलं की डावीकडे एक कोंबिनी आहे, म्हणजे छत्रीपासून भातापर्यंत सगळं विकणारं, चोवीस तास उघडं असणारं दुकान. उजवीकडे दुसरं आहे. चौक ओलांडला की तिसरं, कारण पहिल्या दोन्ही दुकानांत जे मिळतं तेच एखाद्याला तिसऱ्याच दुकानातून घ्यावंसं वाटलं तर त्याची गैरसोय व्हायला नको. या तिन्ही ठिकाणी हिरव्या चहाचं आइस्क्रीम कपात मिळतं, कोनात मिळतं, काडीवर मिळतं, तांदळाच्या चिकट पिठाच्या पारीत गुंडाळलेलंही मिळतं. पहाटे तीनला गेलात तरी मिळतं, आणि 'एवढ्या रात्री कशाला गारढोण खाताय?' असं न विचारता दुकानातला मुलगा उलट आभार मानतो.

अशा देशात जुलै महिन्यात माझे आई-बाबा मिरजेहून आले, नव्वद दिवसांचा व्हिसा आणि दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत कपडे होते. दुसरीत काय होतं ते पुढे येईलच.

आम्ही राहतो निशिकासाईला, एदोगावा प्रभागात. विसावं शतक संपताना संगणकांना सालं मोजता येईनात म्हणून जगभर घबराट पसरली, तेव्हा जपानी कंपन्यांनी भारतातून प्रोग्रामर बोलावले. त्यातले बरेचसे तोझाई लाइनवरून कचेरीत जायला सोपं म्हणून इथं राहिले, आणि त्यांच्यामागोमाग तूरडाळ आली, कढीपत्ता आला, शाळा आल्या. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ इथल्या प्रभागसभेवर निवडूनही आले. आईनं हे सगळं मिरजेत ऐकलं होतं, त्यामुळे निशिकासाई हे साधारण कोथरूडच्या पुढचं स्टेशन, अशी तिची समजूत. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या जपानी आजींना तिनं विचारलं, "काय हो, बरं आहे ना?" आजी कमरेत वाकून म्हणाल्या, "हाय." झालं. आईच्या दृष्टीनं ओळख पक्की झाली.

बाबांचं वेगळं. बाबा फिजिक्सचे मास्तर. ते निवृत्त झाले असं त्यांची शाळा म्हणते. उत्तराला एकक लिहिलं नाही की ते अर्धा गुण कापायचे, मिरजेतल्या दोन पिढ्यांना आजही '५' लिहिलं की कानात "५ काय? आंबे?" असं ऐकू येतं. मीही त्यातलाच. पगार किती विचारलं तर मी 'येन' हा शब्द आधी उच्चारतो.

तर बाबा कोंबिनीत रमले. फोनचा कॅमेरा जपानी अक्षरांवर धरला की त्याखाली भाषांतर उमटतं, हे त्यांना नातीनं शिकवलं, आणि ते आइस्क्रीमच्या शीतपेटीपाशी उभे राहून एकेका कपाची उत्तरपत्रिका तपासू लागले. जपानात कपावर 'आइस्क्रीम' असं छापायचं तर त्यात दुधातले घन पदार्थ किमान १५ टक्के लागतात आणि दुधाचा स्निग्धांश किमान ८ टक्के. घन पदार्थ १० आणि स्निग्धांश ३ टक्के असेल तर त्याला 'आइस मिल्क' म्हणायचं. घन पदार्थ जेमतेम ३ टक्के असतील तर 'लॅक्टो आइस'. आणि तेवढेही नसतील तर ती नुसती 'बर्फाची मिठाई'. "पहिला वर्ग, दुसरा वर्ग, काठावर पास आणि नापास!" बाबा भर दुकानात म्हणाले. एखाद्या सरकारी नियमावर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घरी येऊन त्यांनी आईला असंही सांगितलं, की आइस्क्रीम वजनावर नव्हे तर आकारमानावर विकतात आणि त्यात हवा घोटलेली असते; काही स्वस्त आइस्क्रीममध्ये दुधाइतकीच हवा असते, म्हणजे डब्यात निम्मी हवाच. आईचा चेहरा पडला. "म्हणजे निम्मे पैसे हवेचे? मग घरीच करू की!"

घरी करण्याची खरी निकड मात्र आमच्या लेकीची होती. ती इथल्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. जपानी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत 'जियू केंक्यू' नावाचं एक प्रकरण देतात. त्याचा अर्थ मुक्त संशोधन. विषय मुलानं निवडायचा, प्रयोग करायचा, निरीक्षणं लिहायची, मोठ्या कागदावर मांडून सुट्टी संपली की वर्गात न्यायची. मुक्त मुलं असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कचेरीतले सगळे आईबाप सुजलेल्या डोळ्यांनी येतात. यातला एक लोकप्रिय विषय म्हणजे बर्फ आणि मीठ वापरून आइस्क्रीम. लेकीनं ग्रंथालयातून पुस्तिका आणली. तिच्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'विशेष साहित्य लागत नाही.' आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, 'मोठ्या माणसांसोबत करावे.'

या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं असा मला दाट संशय आहे.

लेकीनं पहिली ओळ कायद्यासारखी धरली. विशेष साहित्य नाही म्हणजे नाही. मिक्सर नाही, विजेवर फिरणारं काहीच नाही. फ्रिज चालेल, कारण दूध त्यातच असतं. थर्मामीटरवर बराच वाद झाला. शेवटी बाबांनी युक्तिवाद केला, "थर्मामीटर हे साधन नाही बाळा, तो साक्षीदार आहे. तो काही करत नाही, फक्त बघतो." हे तिला पटलं. वर्गातली निम्मी मुलं व्हॅनिला करणार, म्हणून तिला माच्चा हवा होता.

माच्चाबद्दल आई-बाबांचं मत आधीच तयार होतं, कारण क्योतोच्या सहलीत आम्ही त्यांना ऊजीला नेलं होतं. ऊजी हे चहाचं गाव. स्टेशनाबाहेरची टपालपेटीसुद्धा चहाच्या बरणीच्या आकाराची आहे. नूडल्स हिरव्या, बिस्किटं हिरवी, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात हिरव्या आइस्क्रीमचा कोन. तिथं त्यांना कळलं की माच्चाच्या झुडपांवर तोडणीआधी साधारण तीन आठवडे आच्छादन घालतात. पूर्वी बोरूच्या-पेंढ्याच्या चटया असायच्या, आता काळं कापड असतं. उजेड मिळेना की पान जास्त हरितद्रव्य तयार करतं आणि गर्द हिरवं होतं. चवीला गोडसर लागणारं थिअनीन पानातच टिकून राहतं. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील असं आम्हाला सांगायचे," आई म्हणाली. "यांच्याकडं झाडांना सांगतात."

मग ती पानं वाफवून, वाळवून, देठ आणि शिरा काढून दगडी जात्यात दळतात. एका जात्यातून तासाला साधारण ४० ग्रॅम पीठ पडतं. भरभर दळलं तर दगड तापतो आणि रंग-वास जातो. हा आकडा ऐकून बाबांनी मनातल्या मनात भागाकार केला, आईनं मात्र थेट इतिहासात हात घातला. "माझ्या आजीनं तासाभरात अर्धी पायली दळली असती, आणि वर चार ओव्या म्हणाल्या असत्या." समोरच्या काचेआड जातं मंद, अगदी मंद फिरत होतं, विजेवर, ओवीशिवाय. आईला त्याची दया आली.

पुढे एका चहागृहात वाडग्यातून माच्चा आला. आधी मिठाई खायची आणि तोंड गोड असताना कडू चहा प्यायचा, अशी तिथली रीत. आईनं मिठाई खाल्ली, एक घोट घेतला, आणि डोळे मिटून बसली. शेजारच्या जपानी बाईंना वाटलं ती ध्यानात गेली. ती माझ्या कानात कुजबुजली, "यांच्याकडं दूध-साखर मागितलं तर चालेल का रे?"

विनोद बाजूला ठेवला तर माच्चाच्या आइस्क्रीमचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. चहातल्या कडवट, तुरट द्रव्यांना दुधातली प्रथिनं धरून ठेवतात आणि जीभ कोरडी पडत नाही. साखर बाकीचं काम करते. आईला जे सुचलं ते जपानला सुचायला बराच वेळ लागला, कारण मधे चहाभोवती इतका शिष्टाचार जमा झाला होता की दूध मागायची हिंमत कुणाला होणार? एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतताना चहाचं बी घेऊन आला. आइस्क्रीम इथं विकलं जाऊ लागलं १८६९ मध्ये, योकोहामाच्या बाशामिची रस्त्यावर, माचिदा फुसाझो नावाच्या माणसाच्या दुकानात. किंमत अशी होती की बहुतेक गिऱ्हाईक परदेशीच. आणि आज घराघरांत पोचलेल्या त्या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीनं, हागेन-दाझनं, जपानात ग्रीन टीचा कप आणला तो १९९६ मध्ये. आई म्हणते, मला आधी विचारलं असतं तर एवढा उशीर झाला नसता.

माच्चाची डबी निवडताना मी उगाच ज्ञान दाखवायला गेलो. म्हटलं, माच्चा एवढा महाग, तर कचेरीत मिळतात त्या ग्रीन टीच्या पुड्या दुधात उकळल्या तर? बायकोनं शांतपणे विचारलं, "तुझ्या त्या चहाचा रंग कसा असतो?" पिवळा असतो. कारण हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते पानातच राहतं आणि पान आपण कचऱ्यात टाकतो. माच्चात पानच पोटात जातं, म्हणून तो हिरवा. पुढं ती असंही म्हणाली, की समारंभाचा उंची माच्चा आइस्क्रीमला वाया जातो, त्याचा नाजूकपणा दूध-साखरेत बुडतो. मिठाईवाल्यांसाठी जरा कडवट, स्वस्त माच्चा मिळतो तो घ्यावा. गेली काही वर्षं साऱ्या जगाला माच्चाचं वेड लागल्यामुळे हे स्वस्त प्रकरणही फारसं स्वस्त राहिलेलं नाही. डबी घरी आली आणि ओट्यावर राहिली. आईनं ती उघडून हुंगली आणि सुनेला विचारलं, "मेंदी भिजवायची आहे का गं? मी लोखंडी कढई काढते."

आता त्या दुसऱ्या बॅगेकडे वळू. तिच्यात भडंग होतं, गोडा मसाला होता, फिरकीचा तांब्या होता आणि लाकडी रवी होती. रवी का? "तुमच्याकडं ताक कसं करत असतील कोण जाणे." पाककृतीत म्हटलं होतं, क्रीम हलकं होईपर्यंत फेटावं. विजेचा बीटर बाद. बायकोकडे चहा घुसळायचा बांबूचा चासेन होता. बांबूचा एकच तुकडा बारीक बारीक काड्या होईपर्यंत चिरून तो करतात, नारा जिल्ह्यातल्या ताकायामा गावाची ही कला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला, "लहान बाळासाठी चांगला आहे," म्हणाली आणि रवी धुऊन घेतली.

इथल्या क्रीमचं एक बरं असतं. २०० मिलिलिटरचा पुडा, त्यात ४७ टक्क्यांपर्यंत स्निग्धांश. आपल्याकडे पुड्यात मिळणारं साधं क्रीम २५ टक्क्यांच्या आसपासचं, ते कितीही फेटलं तरी निवांत पडून राहतं. हे मात्र लगेच अंग धरतं. लेक वही घेऊन शेजारी उभी राहिली. तिच्या जपानी नोंदी मी इथं मराठीत देतो.

'२ मिनिटं: बुडबुडे. ५ मिनिटं: घट्ट. आई म्हणाली बास. ६ मिनिटं: आजी थांबत नाही. ७ मिनिटं: आईनं परत बास म्हटलं. ८ मिनिटं: आजी गाणं म्हणते. १० मिनिटं: पिवळं झालं. आजी खूश.'

लोणी निघालं होतं. चांगलं सुपारीएवढं नव्हे, मूठभर. आईच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. "परदेशात एवढं लोणी, आणि त्यात तुम्ही मेंदी कालवणार होतात!" तिनं ते पाण्यात धुतलं, कढवलं, तूप बरणीत भरलं, आणि खालचं पाणीदार ताक बाबांना दिलं. बाबांनी ते पिता पिता लेकीला समजावलं, की क्रीममध्ये स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब पातळ आवरणात तरंगत असतात; घुसळलं की आवरण फाटतं आणि थेंब एकमेकांना चिकटतात. थोडे चिकटले तर त्यांच्या जाळ्यात हवा अडकून राहते, सगळे चिकटले तर लोणी. "म्हणजे आइस्क्रीम हे लोणी व्हायच्या वाटेवर मधेच थांबवलेलं दूध आहे. आणि तुझ्या आजीला मधेच थांबवणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही."

दुसरा पुडा बायकोनं स्वतःच्या हातानं फेटला आणि रवी त्या दिवसापुरती कपाटात गेली. २०० मिलिलिटर क्रीम, तेवढंच दूध, ९० ग्रॅम साखर, १२ ग्रॅम माच्चा. माच्चाचं पीठ इतकं बारीक असतं की थेट दुधात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या आयुष्यभर फुटत नाहीत. म्हणून आधी चहाच्या गाळणीतून चाळून साखरेत मिसळायचा, मग थोड्या कोमट दुधात घोटून बाकीच्यात ओतायचा. साखर बघून आई दचकली, पण गार जिभेला गोडी कमी कळते, शिवाय साखर पाण्याला गोठू देत नाही; ती कमी केली तर आइस्क्रीम फोडायला अडकित्ता लागेल. अंड्याचा पिवळा बलक घालायचा प्रश्नच नव्हता, श्रावण लागला होता. जिलेटिनही बाद. मी कॉर्नफ्लोअरची शिफारस केली, कारण ते मोकळं पाणी धरून ठेवतं आणि बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. त्यावर आईनं कॅलेंडर दाखवलं. सोमवार होता.

मग उपासाची छाननी झाली. दूध चालतं. साखर चालते. चहा चालतो, तो हिरवा असला म्हणून काय झालं. शिवाय भिक्षूंना ध्यानाच्या वेळी डुलकी लागू नये म्हणून मठांमधून जो पदार्थ वाढला त्याला आपण आक्षेप घेणारे कोण? कॉर्नफ्लोअर चालत नाही, ते गेलं. उरलं मीठ. उपासाला सैंधव लागतं आणि आमच्याकडे साधं मीठ होतं. बाबा म्हणाले, मीठ डब्याच्या बाहेर असणार, पदार्थात नाही. आई म्हणाली, बाहेर असलं तरी थंडी त्याच मिठाची ना? या प्रश्नाला फिजिक्सच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. शेवटी लेकीनं तोडगा काढला, की थंडी बर्फाची, मीठ फक्त त्याला घाई करतं. आईनं ते मान्य केलं आणि हिरव्या चहाचं आइस्क्रीम उपासाच्या यादीत गेलं, साबुदाण्याच्या खालोखाल.

घाईचं ते शास्त्र खरंच देखणं आहे. फ्रिजच्या खणात उणे १८ अंश असतात, पण तिथं डब्याभोवती हवा असते आणि हवा उष्णता फार आळशीपणे नेते. तासन् तास गोठत बसलेल्या मिश्रणात बर्फाचे स्फटिक निवांत मोठे होतात आणि जिभेला कचकच लागते. बर्फात एक तृतीयांश मीठ घातलं तर बर्फ वितळायला लागतो, वितळायला उष्णता लागते, ती तो आजूबाजूनं ओढून घेतो आणि खारट पाणी उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, न गोठता. डब्याला चहूबाजूंनी चिकटणारं उणे २१चं पाणी. फक्त डबा हलता हवा. भिंतीपाशी जमलेला थर सुटला पाहिजे, आतलं बाहेर आलं पाहिजे. हलवणं थांबलं की आइस्क्रीमऐवजी हिरवी वीट.

हलवायला पुस्तिकेत दोन डबे सांगितले होते, एकात एक. बाहेरचा मिळाला, तांदळाच्या बिस्किटांचा मोठा गोल डबा. आतला घट्ट झाकणाचा हवा होता. आई उठली आणि फिरकीचा तांब्या घेऊन आली. मिरज ते मुंबई रेल्वेप्रवासात त्यातून कधी थेंब सांडलेला नव्हता. मिश्रण तांब्यात, तांब्या डब्यात, भोवती कोंबिनीतून आणलेला पिशवीतला बर्फ आणि मीठ, वर चिकटपट्टी. बाबांनी डबा बैठकीत आडवा केला आणि पायानं ढकलला.

जपानी इमारतींत माणसं ज्या आवाजात भांडतात त्या आवाजात आपल्याकडे स्तोत्र म्हणतात. त्या शांततेत बर्फानं भरलेला पत्र्याचा डबा लाकडी जमिनीवरून असा काही गडगडला की बायकोनं धावत जाऊन त्याला मिठी मारली. दोन मिनिटांत आम्ही सगळे डब्यासह खालच्या बागेत होतो.

बागेत सिकाडा किडे कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात ओरडत होते, पण त्यांना कुणी काही बोलत नाही. ऊन पस्तीस अंशांचं. डबा लेकीनं बाबांकडे ढकलला, बाबांनी माझ्याकडे, मी बायकोकडे. टॉवेल गुंडाळूनही बोटं बधिर व्हायची. आई बाकावर बसून फक्त सूचना देत होती: "हळू. झाकण बघा. तिरका करा. तिरका नको." लिफ्टमधल्या जपानी आजी फिरायला आल्या होत्या, त्या थांबल्या, काय चाललंय ते लेकीनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी आपली उन्हाची छत्री स्वतःच्या डोक्यावरून काढून डब्यावर धरली. डबा जाईल तिकडे आजी. आईनं माझ्याकडे बघितलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं, ओळखीच्या आहेत."

बाबांना पॉट आठवला. मिरजेत मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट भाड्यानं यायचा: लाकडी बादली, मधे पत्र्याचं भांडं, वर दांडा. नॅन्सी जॉन्सन नावाच्या अमेरिकन बाईनं १८४३ मध्ये हाताच्या दांड्याच्या अशाच यंत्राचं पेटंट घेतलं होतं. तिच्या अर्जात भांडं असेल, दांडा असेल, आतलं फिरतं पातं असेल. पण भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवरून आणणारा काका नसणार. बर्फ फोडायला मोगरी घेऊन बसलेली आत्या नसणार. पॉट हलू नये म्हणून वर गोणपाट टाकून बसवलेला सगळ्यात जाड भाचा नसणार. तो भाचा मी होतो. खालून थंडी वर यायची आणि उठायची परवानगी नसायची. आणि आता किती घट्ट झालं ते बघायला दर दोन मिनिटांनी झाकण उघडा म्हणणारी बारा तोंडं. आजकाल लोक म्हणतात, पूर्वी यंत्रं नव्हती तरी घरोघरी आइस्क्रीम व्हायचं. यंत्र होतंच की. ते जेवायला घालावं लागायचं, एवढंच.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा बाबा साक्षीदाराकडे बघत होते. उणे १७. चार अंश कुठं गेले? त्यांनी मिठाच्या पुडीवर संशय घेतला, मग उन्हावर, मग माझ्या मोजमापावर. लेकीनं नोंद केली: 'आजोबा रागावले. आकडा बदलला नाही.'

पाऊण तासानं डबा उघडला. आईनं आधी तांब्याचं झाकण आणि गळा पदरानं कोरडा केला, दोनदा, कारण खारट पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळा खेळ संपला. हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हतं. आत कडेला घट्ट, मधे मऊ, आणि रंग असा की बाजारच्या कपाला लाज वाटावी. तांब्याच्या अरुंद गळ्यातून ते काढायला लांब दांड्याचा चमचा लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. जपानी आजींनी पिशवीतून आपल्या चॉपस्टिक्स काढून दिल्या.

बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधी हिशेब केला. दुधातून सात ग्रॅम, क्रीममधून चौऱ्याण्णव, एकूण पाचशे ग्रॅमला जवळपास २० टक्के स्निग्धांश. "कायदा ८ मागतो. हे विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण." बायको म्हणाली, तुमच्या डॉक्टरांना हा निकाल कळवू या का? आईचं म्हणणं, शेवटी जरा कडू लागतं. ती हे प्रत्येक घासानंतर म्हणत होती आणि घास मोजले असते तर बाबांपेक्षा तिचे जास्त भरले असते. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं अंतिम मत दिलं: "चांगलं झालं. वेलदोडा हवा होता." आजी वाकून काहीतरी जपानीत म्हणाल्या. आईनं ते ऐकून घेतलं. "त्याही तेच म्हणताहेत."

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री लेकीनं मोठा कागद जमिनीवर पसरला. उद्देश, कृती, निरीक्षणं, तापमानाचा आलेख. साहित्य या मथळ्याखाली तिनं पुस्तिकेपेक्षा बरंच जास्त लिहिलं होतं: दूध २०० मिलिलिटर, क्रीम २०० मिलिलिटर आणि लोण्याचे २०० मिलिलिटर वेगळे, साखर ९० ग्रॅम, माच्चा १२ ग्रॅम, बर्फ ३ किलो, मीठ १ किलो, आजीचा तांब्या, शेजारच्या आजींची छत्री, आई, बाबा, आजी, आजोबा. बाबांनी चष्मा लावला आणि लाल पेन मागितलं. आम्हाला वाटलं त्यांना गहिवरून आलंय.

"दुधाला मिलिलिटर, बर्फाला किलो," ते म्हणाले, "आणि आजोबा नुसतेच? एकक कुठंय?"

लेकीला पटलं. तिनं त्यांचं वजन विचारलं. बाबांनी एक आकडा सांगितला, किलोग्रॅममध्ये, आणि स्वयंपाकघरातून आईनं दुसरा.